सुरांचे मोल कोणाच्या खाती?

चेन्नईहून बेंगळुरूकडे जाणाऱ्या महामार्गावर तीसएक किलोमीटर गेल्यावर इरुंगाट्टुकोट्टै लागते. मोटारींच्या जगात हे गाव चांगलेच परिचित आहे. तेथील सिपकॉट औद्योगिक वसाहतीत १९९८ सालापासून ह्युंदाई कंपनीच्या गाड्या तयार होत आहेत, आणि वसाहतीलगतच मोटार शर्यतींचा प्रसिद्ध मार्ग आहे. नोकरीच्या निमित्ताने तेथे जाऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांना या गावाचे नाव उच्चारण्यासाठी पहिले काही महिने जिभेला व्यायाम द्यावा लागतो. याच कंपनीने २०२३ साली पुण्याजवळच्या तळेगावातील कारखाना घेण्याचा करार केला. तेव्हा मावळातल्या मंडळींनाही आता हा सराव करणे भाग आहे.

परंतु आजचा विषय मोटारींचा नाही. इरुंगाट्टुकोट्टैहून श्रीपेरुंबुदूरला यावे, तेथून दक्षिणेचा रस्ता धरून ओरगडमच्या कारखान्यांमधून पुढे जावे. सारे मिळून तीस-पस्तीस किलोमीटरच्या या प्रवासानंतर सिंगपेरुमाळ कोविल नावाचे गाव येते. सिंगपेरुमाळ म्हणजे नृसिंह. तेथे टेकडीच्या खडकात कोरलेले नृसिंहाचे प्राचीन मंदिर आहे, आणि त्यावरूनच गावाला नाव मिळाले आहे. गावाला एक लहानसे रेल्वे स्थानक आहे. चेन्नईहून चेंगलपट्टूकडे धावणाऱ्या लोकलगाड्या तेथे घटकाभर थांबतात आणि पुढे जातात. मराठी संगीतरसिकाने मात्र तेथे थोडा अधिक वेळ थांबावे, असे काहीतरी या फलाटावर घडलेले आहे.

१९३७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात मिरजेचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मद्रासेत आले होते. तेथून ते पाँडिचेरीस, श्रीअरविंदांच्या आश्रमाकडे निघाले. वाटेत, गाडीतच, त्यांच्या छातीत दुखू लागले. बरोबरच्या शिष्यांनी त्यांना सिंगपेरुमाळ कोविल स्थानकावर उतरवून घेतले. फलाटावर अंथरूण घातले गेले. पुढचा प्रसंग किराणा घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो, तो असा: खाँसाहेबांनी तंबोरा काढायला सांगितला, तो जुळवून घेतला, आणि नमाजानंतर कलमा दरबारी कानड्याच्या सुरांत आळवता आळवता त्यांनी देह ठेवला. तो दिवस २७ ऑक्टोबर १९३७. वयाची पासष्ट वर्षे पूर्ण होण्यास अवघा पंधरवडा उरला होता.

या प्रसंगाबद्दल आजवर जे जे लिहिले गेले आहे, त्यात एका सूरसाधकाला लाभलेल्या धन्य मरणाचे कौतुक असते. ते योग्यच आहे. पण वाचकहो, या चित्रात कोण आहे याबरोबरच कोण नाही, हेही पाहावे. शिष्य आहेत, तंबोरा आहे, परका मुलूख आहे. ज्या स्त्रीने या माणसासाठी सरदारघराण्यातील आयुष्य मागे टाकले होते ती नाही, आणि त्याची पाच मुलेही नाहीत. ती मुले त्याच्यापासून दुरावून पंधरा वर्षे होत आली होती. त्यांच्यापैकी कोणीही त्याचे नाव लावीत नव्हते.

कलेला वाहून घेण्याची किंमत असते, हे वाक्य आपण सहज उच्चारतो. ती किंमत कलावंत मोजतो, असेही गृहीत धरतो. खाँसाहेबांच्या घराची हकिकत वाचली की वाटते, खर्च एकाने करायचा आणि तो दुसऱ्याच्या खाती नावे टाकायचा, असा प्रकार या व्यवहारात फार होतो.

बडोद्याहून निघालेली दोन माणसे

अब्दुल करीम खाँ मूळचे उत्तरेतील कैराना या गावचे. जन्म ११ नोव्हेंबर १८७२. घरात गाण्याची आणि सारंगीची परंपरा होती. तरुणपणीच ते बंधू अब्दुल हक यांच्यासह गात गात बडोद्यास आले आणि सयाजीराव महाराजांच्या दरबारी गायक झाले. राजघराण्याशी नाते असलेल्या सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या ताराबाई यांना गाणे शिकविण्याचे काम त्यांच्याकडे आले. गुरू-शिष्येचे मन जुळले. धर्म वेगळा, दर्जा वेगळा, आणि काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. १८९८ च्या सुमारास दोघांनी बडोदे सोडले आणि ते मुंबईस आले.

दरबारी गवयाने दरबार सोडणे म्हणजे त्या काळी काय होते, हे आज मासिक वेतनावर जगणाऱ्या आपल्यासारख्यांना समजण्याजोगे आहे. दरबाराचा तनखा हीच गवयाची एकमेव निश्चित मिळकत. तो सुटला की मैफलीची बिदागी, ती मिळेल तेव्हा आणि मिळेल तेवढी. खाँसाहेबांनी तनखा गमावला. पण त्यांचा गळा त्यांच्याबरोबर होता. ताराबाईंनी माहेर, प्रतिष्ठा, जात आणि गाव असे सारे एका वेळी गमावले. आणखी एका स्त्रीची नोंद येथे करायला हवी. कैराना सोडण्यापूर्वी खाँसाहेबांचा विवाह झालेला होता. ती पत्नी म्हणजे किराणा घराण्याचे दुसरे आधारस्तंभ अब्दुल वहीद खाँ यांची भगिनी. संगीताच्या इतिहासात तिचा उल्लेख येतो तो एवढ्यापुरताच.

मुंबईनंतर मिरज. मिरजेत त्या वेळी गाण्याला पोषक असे सारे काही होते. संस्थानिकांचा आश्रय होता, ख्वाजा शमना मीरासाहेबांचा दर्गा होता, आणि तंबोरे-सतारी घडविणाऱ्या कारागिरांची वस्ती होती. पंढरपूर भागातील भोपळे आणून त्यांतून सुरेल वाद्य उभे करणारे हे कारागीर आजही मिरजेत आहेत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. खाँसाहेबांसारख्या सुराच्या बाबतीत अत्यंत चोखंदळ माणसाला हे गाव मानवले, यात नवल नाही. प्लेगने आजारी असताना दर्ग्याच्या कृपेने ते बरे झाले, अशी आख्यायिकाही मिरजेत सांगतात. १९०५ साली हिराबाईंचा जन्म मिरजेतच झाला. सुरेशबाबू त्यापूर्वीचे, १९०२ चे. सरस्वतीबाई १९१३ च्या. मधल्या काळात कमलाबाई आणि कृष्णराव.

ही त्यांची पुढची नावे झाली. वडिलांच्या घरी थोरला मुलगा अब्दुल रहमान होता, मुलगी चंपाकली, धाकटी सकीना.

विद्यालय की घर?

१९१३ साली खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. विद्यार्थी गुरूच्या घरीच राहात. शिकवणे विनामूल्य, राहणे-जेवणेही गुरूकडेच. खर्च भागवायचा तो जलसे करून. गावोगाव दौरे काढायचे, तिकिटे लावून जलसे करायचे, विद्यार्थ्यांना आणि स्वतःच्या मुलांनाही रंगमंचावर बसवायचे आणि जमलेल्या पैशांतून विद्यालय चालवायचे. उत्पन्न अनिश्चित, खाणारी तोंडे मात्र निश्चित. ज्यांनी एखादी छोटी संस्था चालविली आहे, त्यांना या ताळेबंदाची कल्पना सहज येईल. खाँसाहेब दौऱ्यावर असत तेव्हा हे सारे बिऱ्हाड कोण सांभाळीत असेल, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

खाँसाहेबांची सुरावरची निष्ठा विलक्षण होती, हे त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्याला आजही जाणवते. शब्दाला फारसे महत्त्व नाही, तालाची झटापट नाही. एकेका सुरापाशी जाऊन तो उजळेपर्यंत तेथेच थांबणे, ही त्यांची रीत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश यांनी बावीस श्रुतींचा अभ्यास चालविला होता, तेव्हा या सूक्ष्म श्रुती गळ्याने दाखविण्यासाठी त्यांना खाँसाहेबांचीच मदत झाली. म्हैसूर दरबारात ते वारंवार जात. तेथे त्यांना संगीतरत्न ही पदवी मिळाली आणि त्याहून मोलाची अशी एक गोष्ट मिळाली, ती म्हणजे कर्नाटक संगीताचा सहवास. उत्तरेच्या गवयाने दक्षिणेचे गाणे कमी लेखावे, अशी तेव्हाची सर्वसाधारण वृत्ती होती. खाँसाहेबांनी ते आदराने ऐकले, शिकून घेतले. त्यागराजांची कृती ध्वनिमुद्रित करण्याइतके आत्मसात केले. त्यांच्या गायकीत सरगमला जे स्थान मिळाले त्यामागे हा दक्षिणेचा संस्कार मानला जातो. मद्रास प्रांत त्यांना परका वाटत नसे तो यामुळेच.

टिपू नावाच्या एका कुत्र्यालाही त्यांनी सूर लावायला शिकविले होते, ही गोष्ट तर सर्वांच्या तोंडी आहे. ती ऐकून हसू येते. नंतर वाटते, कुत्र्याच्या गळ्यातून षड्ज निघेपर्यंत ज्याला धीर धरता येतो, त्याचा किती वेळ घरच्यांच्या वाट्याला येत असेल?

हा प्रश्न खाँसाहेबांना दोष देण्यासाठी विचारलेला नाही. साधना नावाची गोष्ट मुळातच अशी आहे. रोज पहाटे खर्ज लावायला बसणारा माणूस त्या दोन-तीन तासांत कोणाचाही नसतो. कोणाचा पती नसतो, कोणाचा पिता नसतो. दौऱ्यावर महिना गेला की तो महिना कोणत्याही उपायाने परत येत नाही. पैशाचे तसे नाही. आज काढले तर उद्या भरता येतात. बालपणीचा वेळ ठेव म्हणून राखून नंतर व्याजासह देण्याची सोय अद्याप कोणत्याही बँकेने काढलेली नाही.

१९२२ च्या सुमारास ताराबाईंनी पाचही मुलांसह खाँसाहेबांचे घर सोडले. का सोडले, यावर चरित्रकारांनी आणि शिष्यांनी बरेच लिहिले आहे. खाँसाहेबांचे सर्वांत मोठे चरित्र त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी लिहिले असून ते १९७२ साली प्रसिद्ध झाले. शिष्याने लिहिलेले गुरूचे चरित्र शिष्याच्या भक्तीचा हिशेब ठेवूनच वाचायचे असते. आपण एवढेच पाहू की घर सोडण्याचा निर्णय एका अशा स्त्रीने घेतला, जिला परत जाण्यासाठी माहेर नव्हते. थोरला मुलगा विशीचा होता, धाकटी मुलगी आठ-नऊ वर्षांची. हाती व्यवसाय नव्हता. होते ते गाणेच.

नावे बदलली. मुलगे माने झाले, मुली बडोदेकर. येथे क्षणभर थांबण्यासारखे आहे. ज्या शहरातून ताराबाईंना निघून जावे लागले होते, त्याच शहराचे नाव त्यांनी मुलींना आडनाव म्हणून दिले.

मुलांनी फेडलेले देणे

यानंतरचा भाग महाराष्ट्राला अधिक परिचित आहे. कारण या पाच मुलांनी मराठी माणसाचे कान घडविले. सुरेशबाबूंना वडिलांची तालीम मिळाली होती. हिराबाईंनी अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे शिक्षण घेतले. म्हणजे ज्यांच्या भगिनीचा संसार खाँसाहेबांनी कैरान्यात मागे ठेवला, त्याच वहीद खाँसाहेबांनी खाँसाहेबांच्या दुसऱ्या संसारातील मुलीला शिकविले. घरातील माणसांमध्ये जे तुटले होते ते गाण्यात मात्र तुटले नाही. घराणे ही संस्था किती चिवट असते, त्याचे हे उदाहरण.

हिराबाईंनी स्त्रियांच्या गाण्यासाठी जे केले त्याची थोरवी आज सहजी ध्यानात येत नाही. त्या काळी घरंदाज म्हणविणाऱ्या समाजात स्त्रीने चारचौघांत गाणे हेच निषिद्ध होते. अशा काळात तिकीट लावून, शांतपणे बसून, कोणत्याही हावभावाविना, केवळ ख्याल ऐकविण्यासाठी त्या सभागृहात बसल्या. त्यांच्या गाण्याला मध्यमवर्गीय घरांतील बायका-मुले येऊ लागली. त्यामुळेच पुढे हजारो घरांत मुलींसाठी पेटी आणि तंबोरा आला. कोवळ्या वयात त्यांचे गाणे झाले ते विष्णु दिगंबर पलुसकरांच्या गांधर्व महाविद्यालयात. पुढे १९६५ साली संगीत नाटक अकादमीचा सन्मान आला, १९७० साली पद्मभूषण आले. रसिकांनी त्यांना 'गानहिरा' म्हटले.

परंतु सन्मानांच्या यादीत एक नोंद नसते. ताराबाईंनी मुलांना घेऊन नूतन संगीत विद्यालय काढले आणि त्याची नाट्यशाखाही उभी केली. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करायच्या, भाऊ-बहिणींनी एकत्र रंगमंचावर यायचे, हे त्या काळी मोठे धाडस होते. बालगंधर्वांचे युग ते. प्रेक्षकाला पुरुषाने केलेली नायिका अधिक रुचत असे. त्यातच बोलपट येऊन ठेपले. नाटक कंपनीचा खर्च वाढत गेला आणि कर्ज झाले. ते कर्ज हिराबाईंनी मैफली करून फेडले. एकेक मैफल म्हणजे एकेक हप्ता. श्रोत्यांना त्या गाण्यात प्रसन्नता दिसत होती, आणि ती खरीही होती. पण त्या प्रसन्नतेच्या पाठीशी सावकाराचा तगादा उभा होता, हे तिकीट काढून बसलेल्या किती जणांना ठाऊक असेल?

सुरेशबाबूंची कथा वेगळी. विद्वत्ता आणि सूर असे दोन्ही लाभलेला हा मनस्वी कलावंत. 'अमृतमंथन'सारख्या बोलपटातही ते दिसले. मैफलीचे मैदान मारण्याची धडपड त्यांनी कधी केली नाही. ते शिकवीत राहिले. हिराबाई त्यांना गुरूच मानीत. माणिक वर्मा आणि प्रभा अत्रे यांना त्यांची तालीम मिळाली. १९५३ साली, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली असताना, ते गेले. सरस्वतीबाई राणे चित्रपटांत गायल्या, मैफलींत गायल्या, थोरल्या बहिणीबरोबर त्यांनी केलेले सहगायन तर जुन्या रसिकांच्या आठवणीतून जात नाही. २००६ साली त्यांचे निधन झाले.

विष्णु दिगंबरांचे नाव वर आले आहे, म्हणून त्यांच्याविषयीही दोन शब्द. बँकेच्या वाचकांना त्यांची कहाणी विशेष जवळची वाटावी. तेही १८७२ चेच, मिरजेपासून जवळच असलेल्या कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्याच्या अपघाताने दृष्टी अधू झाली. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिक्षण घेतले. ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, आणि १९०८ साली ते मुंबईत आणले. मुंबईत विद्यालयाची स्वतःची इमारत असावी म्हणून त्यांनी कर्ज काढले. हप्ते भरण्यासाठी दौऱ्यामागून दौरे केले. मिळालेल्या बिदागीतला पैसा विद्यालयात ओतला. तरीही हिशेब जुळला नाही, आणि १९२४ साली इमारतीचा लिलाव झाला. गवयाला समाजात मान मिळवून देण्यासाठी ज्याने आयुष्य वेचले, त्याच्या विद्येच्या घराला बोली लागली. पुढे ते नाशिकच्या आश्रमात रामनामात रमले. बारा अपत्यांपैकी एकटे दत्तात्रेय, म्हणजे आपले डी. व्ही. पलुसकर, जगले. १९३१ साली विष्णु दिगंबर मिरजेत निवर्तले तेव्हा हा मुलगा दहा वर्षांचा होता. आणि अवघ्या चौतिसाव्या वर्षी, १९५५ साली, तोही गेला.

तारण न घेता, मुदत न ठरवता, परतफेडीची खात्री नसताना माणूस स्वतःचे सर्वस्व एखाद्या कामात गुंतवतो, त्याला व्यवहारात अविचार म्हणतात. या अविचारामुळेच आज गावोगाव गांधर्वच्या परीक्षा होतात, हेही खरे. परंतु कृतज्ञतेच्या भरात लिलावाची तारीख विसरू नये.

खाँसाहेबांच्या एका ध्वनिमुद्रिकेमुळे दुसऱ्याच एका घरात काय घडले, तेही येथे सांगायला हवे. गदगच्या जोशी मास्तरांचा मुलगा ती तबकडी ऐकून वेडावला. असे गाणे आपल्याला यायला हवे, एवढाच त्याचा ध्यास. १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तो गुरूच्या शोधात घरातून पळाला. तिकिटाला पैसे नव्हते. गाडीत गाऊन दाखवीत तो ग्वाल्हेरपर्यंत, पुढे कुठच्या कुठे गेला. शेवटी वडिलांना तो जालंधरला सापडला. भीमसेन जोशी पुढे भारतरत्न झाले, म्हणून आज आपण ही गोष्ट मुलांना कौतुकाने सांगतो. पण ज्या दिवसांत तो सापडत नव्हता, त्या दिवसांत गदगच्या घरातील चूल कशी पेटत असेल? वडिलांनी त्याला घरी आणले आणि मग खाँसाहेबांचेच शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, यांच्या हवाली केले. ज्या ध्यासाने मुलगा हिरावून नेला होता, त्याच ध्यासाकडे तो स्वतःच्या हातांनी सोपवायचा, हे कोणत्याही पित्याला सोपे नाही. अशा किती मुलांचे पुढे काही झाले नाही, त्यांची नावे कोणाच्या स्मरणात नाहीत, त्यांच्या वडिलांची तर नाहीतच.

खाँसाहेबांचे पार्थिव मद्रासेहून मिरजेस आणण्यात आले. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात ते चिरविश्रांती घेत आहेत. तेथे दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीतसभेत देशभरचे गायक-वादक हजेरी लावतात, आणि दर्ग्यातील चिंचेच्या झाडाखाली बसून हिंदू-मुसलमान श्रोते रात्र जागवितात. हिराबाईही तेथे गायल्या. वडिलांचे नाव न लावणाऱ्या मुलीने वडिलांचीच गायकी त्यांच्या कबरीजवळ गायली. तिने त्या वेळी मनात काय आठवले असेल, याचा तर्क करण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपण गाणे तेवढे ऐकावे.

किराणा घराण्याचा वंशवृक्ष काढायचा झाला, तर एका फांदीवर सवाई गंधर्व, भीमसेन, गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर दिसतील. दुसऱ्या फांदीवर सुरेशबाबू, हिराबाई, सरस्वतीबाई, माणिक वर्मा, प्रभा अत्रे. पहिली फांदी खाँसाहेबांच्या विद्यालयाची आहे. दुसरी मात्र ताराबाईंच्या मोडलेल्या संसारातून वाढलेली आहे. वंशवृक्षात गुरू आणि शिष्य यांच्यामध्येच रेघ काढायची असल्याने ताराबाईंसाठी तेथे जागा उरत नाही. त्या स्वतः खाँसाहेबांच्या शिष्या होत्या, बडोद्यात गाणे शिकण्यापासूनच सारे सुरू झाले होते, हे ध्यानात घेतले तर निदान एक बारीकशी रेघ त्यांच्यापर्यंत न्यायला हरकत नसावी. पाच मुलांना त्यांनी संगीताशिवाय दुसरे काही शिकवायचे ठरविले असते, तर त्यांना कोणी बोल लावला नसता.

या दुसऱ्या फांदीवरच्या प्रभाताई अत्रे यांनी विज्ञानाची पदवी घेतली, कायद्याची घेतली, संगीतात डॉक्टरेट मिळविली. पोटापाण्याचे अनेक सुरक्षित मार्ग त्यांना मोकळे होते. त्यांनी संसार मांडला नाही; पुण्यात स्वरमयी गुरुकुल उभे केले आणि अखेरपर्यंत शिकविले. १३ जानेवारी २०२४ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, पुण्यात पहाटे त्यांचे निधन झाले. त्याच दिवशी मुंबईत त्यांची मैफल ठरलेली होती.